लोकप्रतिनिधींची लोकप्रियता आणि प्रश्नाची भाषा

लोकप्रतिनिधींविषयीच्या लोकमतचाचण्यांत एक विसंगती अर्ध्या शतकाहून अधिक काळ अभ्यासकांना कोड्यात टाकीत आली आहे. अमेरिकेच्या केंद्रीय विधिमंडळास, म्हणजे तेथील काँग्रेसला, लोकांची पसंती किती आहे हे गॅलप संस्था १९७४ पासून विचारीत आली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ही पसंती अवघ्या ९ टक्क्यांवर उतरली. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील चाचणीत काँग्रेसचे काम १६ टक्के लोकांना पसंत होते. परंतु आपल्या स्वतःच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचे काम ४६ टक्के लोकांनी पसंत केले. निवडणुकीचे निकालही ह्याच दिशेने बोट दाखवितात. प्रतिनिधिगृहाचे जे सभासद पुन्हा उभे राहतात त्यांपैकी निवडून येणाऱ्यांचे प्रमाण १९६४ नंतर क्वचितच ८५ टक्क्यांखाली गेले आहे. संस्था नकोशी, पण तिचा आपल्या वाट्याला आलेला सभासद हवासा, असा हा प्रकार होय.

रॉचेस्टर विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड फेनो ह्यांनी १९७२ मध्ये ही विसंगती प्रथम नेमकेपणाने मांडली. पुढे अठरा प्रतिनिधींबरोबर त्यांच्या मतदारसंघांतून प्रत्यक्ष हिंडून त्यांनी १९७८ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांना आढळले की, हे प्रतिनिधी आपल्या मतदारांपुढे स्वतः काँग्रेसचीच निंदा करतात आणि त्या निंदेतूनच स्वतःची प्रतिमा उजळ करून घेतात. पार्कर व डेव्हिडसन ह्यांनी १९७९ मध्ये दाखविले की, लोक दोहोंना एकच माप लावीत नाहीत. संस्थेचे मोजमाप देशापुढील प्रश्नांवरून होते. सभासदाचे मोजमाप त्याने मतदारसंघाची केलेली सेवा आणि त्याचा स्वभाव ह्यांवरून होते. हे खरे असेल तर दोन उत्तरांत मुळी विसंगतीच नाही, कारण प्रश्नच दोन आहेत.

मे २०१३ च्या चाचणीतील आणखी एक आकडा येथे विचारात घेण्याजोगा आहे. आपल्या प्रतिनिधीचे नाव अवघ्या ३५ टक्के लोकांना बरोबर सांगता आले. आणि ज्यांना ते सांगता आले त्यांच्यात पसंतीचे प्रमाण ६२ टक्के होते. ओळखीमुळे पसंती वाढते, की पसंत असलेल्याचेच नाव ध्यानात राहते, ह्याचा निर्णय ह्या आकड्यांवरून होत नाही. परंतु नाव ठाऊक नसलेल्या माणसाच्या कामाविषयी पुष्कळांनी मत दिले, एवढे त्यावरून निश्चित होते. अशा वेळी मत व्यक्तीविषयी नसते. प्रश्नातील शब्दांनी जे चित्र उभे केले त्याविषयी असते.

लोकमतचाचणीचा इतिहास सांगताना नमुना कसा निवडावा ह्यावर भर देण्याची प्रथा आहे. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकाने सुमारे तेवीस लाख उत्तरे गोळा करून लँडन ह्यांचा विजय वर्तविला आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले, ही कथा प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. त्या मानाने डोनाल्ड रग ह्यांचा १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग उपेक्षित राहिला. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणे करण्यास ‘मुभा द्यावी काय’ असे विचारता ६२ टक्के लोकांनी ‘देऊ नये’ म्हटले. अशा भाषणांस ‘बंदी करावी काय’ असे विचारता ४६ टक्क्यांनीच ‘करावी’ म्हटले. तर्कदृष्ट्या दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच आहे. नमुन्यातील दोष गणिताने काही अंशी तरी सुधारता येतो. शब्दातील दोष गणिताच्या नजरेस पडतच नाही.

हाच प्रश्न मराठीत विचारावयाचा झाल्यास काय घडते? इंग्रजीत संस्था आणि सभासद ह्यांच्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. मराठीतही ‘विधानसभा’ आणि ‘आमदार’ असे दोन शब्द आहेत खरे. पण लोकव्यवहारात संस्थेचा उल्लेख बहुधा ‘हे आमदार-खासदार’ असाच होतो, म्हणजे सभासदवाचक शब्दाच्या अनेकवचनाने होतो. आणि अडचण नेमकी ह्या अनेकवचनात आहे. ‘तुमचे आमदार काम नीट करतात का?’ ह्या वाक्यात आमदार एक की अनेक? ‘आमदार’ हे नाम दोन्ही वचनांत सारखेच राहते, आणि ‘तुमचे’ व ‘करतात’ ही रूपे आदरार्थी अनेकवचनाचीही असू शकतात. ‘आमदारांच्या कामाविषयी’ असे सामान्यरूप योजले तरी संदिग्धता तशीच राहते. ‘तुमचा आमदार’ म्हटल्यास संख्या निश्चित होते, पण आदर जातो. आणि ज्या प्रश्नात आदर नाही त्याने उत्तराचा कल आधीच सुचविलेला असतो. आमदार स्त्री असल्यास ‘तुमचे आमदार’ हे रूपच चुकते. ‘आपल्या आमदारांविषयी’ ही रचना तर अधिकच घोटाळ्याची: ‘आपल्या’ म्हणजे ऐकणाऱ्याच्या, की विचारणारा व ऐकणारा अशा दोघांच्या, म्हणजे पर्यायाने साऱ्या महाराष्ट्राच्या? फेनो ह्यांनी ज्या दोन गोष्टींतील अंतर मोजले, त्या दोन्ही ह्या एका वाक्यात मावतात. शिवाय महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ सभासदांप्रमाणे विधान परिषदेच्या ७८ सभासदांनाही आमदारच म्हणतात. पदवीधर किंवा शिक्षक मतदाराला ह्या शब्दाने नेमके कोण आठवेल, हे पृच्छकाला सांगता येणार नाही.

‘काम’ हा शब्दही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ‘आमदारांकडे काम आहे’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा ते काम आमदाराचे नसते, त्याचे स्वतःचे असते: कुठे दाखला अडलेला असतो, कुठे बदली. ‘आमदार काम करतात’ ह्याचा अर्थ ‘लोकांची कामे करून देतात’ असा घेतला जाण्याचा संभव मोठा आहे. विधेयकावरील चर्चा, सभागृहातील उपस्थिती, अर्थसंकल्पाची छाननी ह्या गोष्टी त्या शब्दाच्या कक्षेत सहसा येत नाहीत. पार्कर व डेव्हिडसन ह्यांना उत्तरांच्या विश्लेषणातून जी सेवेची कसोटी हाती लागली, ती मराठीत प्रश्नातच दडून बसलेली असते. उलट ‘पसंत आहे का’ असे विचारावे, तर तो शब्द स्थळे पाहण्याच्या व्यवहारातून आलेला. तो कामाकडून माणसाकडे वळतो. ‘समाधानी आहात का’ हे त्यातल्या त्यात बरे, परंतु तेथेही उत्तरदाता आमदारापेक्षा स्वतःच्या परिस्थितीविषयी बोलू लागण्याची शक्यता राहते.

मतदारसंघाचे नाव घेऊन ‘येथून विधानसभेवर निवडून गेलेले आमदार’ असे स्पष्ट म्हणणे, सभागृहातील काम व मतदारसंघातील काम ह्यांविषयी वेगवेगळे विचारणे, आणि विधानसभेविषयीचा प्रश्न त्यांच्यापासून दूर ठेवणे, एवढी दक्षता सहज घेता येते. आमदाराचे नाव पृच्छकाने स्वतः सांगू नये. त्यामुळे नाव ठाऊक नसलेले लोक ठाऊक असलेल्यांत मिसळून जातात. ते उत्तरदात्यालाच विचारावे, पण अखेरीस. आरंभीच विचारले आणि नाव आठवले नाही, तर माणूस ओशाळतो, आणि पुढील उत्तरांतून ते ओशाळेपण भरून काढू लागतो.