समुपदेशक नोंदणी आणि परवाना परीक्षा

समुपदेशक परवाना परीक्षा म्हणजे एखाद्या व्यक्तीला स्वतंत्रपणे समुपदेशनाचा व्यवसाय करण्याची कायदेशीर मुभा देण्यापूर्वी घेतली जाणारी पात्रता परीक्षा होय. अमेरिकेत ही पद्धत सर्व राज्यांत रूढ आहे. भारतात सर्वसाधारण समुपदेशकांसाठी अशी परीक्षा अद्याप सुरू झालेली नाही. तिची तरतूद मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्यात करण्यात आली आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थी ज्याला ‘परवान्याची तयारी’ म्हणतात, ती प्रत्यक्षात मान्यताप्राप्त पदवी, पर्यवेक्षणाखालील सराव आणि नोंदणी या तिन्हींची तयारी असते.

== संज्ञा ==

मराठीत ‘समुपदेशन’ हा शब्द किमान दोन अर्थांनी वापरला जातो. अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या आणि शिक्षकांच्या बदल्या यांनाही शासकीय परिपत्रकांत समुपदेशनच म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा आहे : प्रशिक्षित व्यक्तीने गोपनीयता पाळून, ठरावीक पद्धतीने दुसऱ्याला त्याच्या अडचणीचा विचार करण्यास केलेले साहाय्य. शब्दातच ‘उपदेश’ असल्याने समुपदेशक म्हणजे चार समजुतीच्या गोष्टी सांगणारा, असा समज होतो. व्यवसायाची शिकवण याच्या जवळजवळ उलट आहे आणि परीक्षांत सल्ला देणारा पर्याय बहुधा चुकीचा ठरतो. मदत घेण्यासाठी येणाऱ्या व्यक्तीला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘सल्लार्थी’ म्हटले जाते. तोच शब्द येथे वापरला आहे.

== भारतातील कायदेशीर स्थिती ==

या क्षेत्रातील सर्वांत जुना नियामक कायदा भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ हा असून तो २२ जून १९९३ पासून लागू झाला. परिषद केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, पुनर्वास मानसशास्त्रज्ञ आणि पुनर्वास समुपदेशक हे या नोंदवहीच्या कक्षेत येतात. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम पाहता कायदा कोणत्या काळातला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्याचा रूढ मार्ग म्हणजे मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर परिषदेने मान्य केलेला दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवी बंद केली. चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकारविषयक समाजकार्य या दोन शाखांना मात्र २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत देण्यात आली. त्यामुळे प्रवेश घेताना परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची त्या वर्षाची यादी पाहणे आवश्यक ठरते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकारविषयक समाजकार्यकर्ता यांच्या व्याख्या आहेत. ‘समुपदेशक’ ही स्वतंत्र व्याख्या नाही. परिणामी शाळा, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि खासगी दालने यांत काम करणारे बहुसंख्य समुपदेशक वरील दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहतात. मानसशास्त्रात एम.ए. करून दोन वर्षे पर्यवेक्षणाखाली काम केलेली व्यक्ती आणि आठवड्याभराचे ऑनलाइन प्रमाणपत्र मिळवलेली व्यक्ती, दोघेही दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू शकतात.

याला एक जुना अपवाद कुटुंब न्यायालयांचा आहे. कुटुंब न्यायालये अधिनियम, १९८४ नुसार न्यायालयाला समुपदेशक नेमता येतात. महाराष्ट्रातील पहिली कुटुंब न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली आणि तेथील विवाह समुपदेशक हे पद निश्चित अर्हतेने भरले जाते. त्याहीपूर्वी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस ठाण्याच्या आवारात बसून काम करतात.

=== २०२१ चा कायदा ===

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ला २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या अनुसूचीत ‘वर्तनविषयक आरोग्यविज्ञान’ हा गट असून त्यात पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ वगळून इतर मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक, समाजकार्यकर्ते आणि मानसिक आरोग्य साहाय्यक यांचा उल्लेख आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक ठरण्यासाठी किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण कायद्याला अपेक्षित आहे. राष्ट्रीय व राज्य नोंदवह्या, समान प्रवेश परीक्षा आणि शिक्षणाअंती समान निर्गम अथवा परवाना परीक्षा घेण्याचे काम आयोगावर सोपवले आहे. नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केल्यास पन्नास हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. कायदा होणे आणि परीक्षा प्रत्यक्ष होणे यांतील अंतर मात्र बरेच लांबले आहे.

== इतर देशांतील पद्धती ==

अमेरिकेत समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये केला आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने तो केल्यावर हे वर्तुळ पूर्ण झाले. तेथे पदव्युत्तर पदवी, राज्याने ठरवलेले पर्यवेक्षित तास (अनेक राज्यांत तीन हजारांच्या आसपास) आणि लेखी परीक्षा असे तीन टप्पे असतात. त्यांतील राष्ट्रीय समुपदेशक परीक्षेत दीर्घकाळ २०० बहुपर्यायी प्रश्नांचे स्वरूप राहिले असून त्यांपैकी १६० प्रश्नांचेच गुण धरले जात. उरलेले प्रश्न पुढील परीक्षांसाठी चाचपणी म्हणून घातलेले असत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पदवीधरांना भारतातील पदवीचे मूल्यांकन करून घेऊन बहुधा काही अभ्यासक्रम पुन्हा पूर्ण करावे लागतात. ब्रिटनमध्ये ‘समुपदेशक’ हे नामाभिधान आजही कायद्याने संरक्षित नाही. तेथे व्यावसायिक संघटनांची ऐच्छिक नोंदणी चालते.

== अभ्यासाचे स्वरूप ==

परवाना परीक्षांचा आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा समान असतो : मानवी विकास, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, समुपदेशनाच्या पद्धती, गट-समुपदेशन, व्यवसाय मार्गदर्शन, मानसमापन, संशोधनपद्धती आणि व्यावसायिक नीती. मानसमापनात विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतील फरक हा हमखास विचारला जाणारा भाग आहे. वजनकाटा दर वेळी दोनशे ग्रॅम जास्तच दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे पण सप्रमाण नाही, हे एक उदाहरण लक्षात राहिले तरी निम्मे प्रश्न सुटतात.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण संकल्पनांची नसून इंग्रजी प्रश्नपत्रिकेतील सूक्ष्म छटांची असते. सहानुभूती आणि समानुभूती ही जोडी याचे उत्तम उदाहरण आहे. बोलीत दोन्हींसाठी ‘सहानुभूती’ हाच शब्द चालतो. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या परिवर्तनाच्या अटींमध्ये अपेक्षित आहे ती समानुभूती : दुसऱ्याचे अनुभवविश्व त्याच्या जागी उभे राहून, पण आपण वेगळे आहोत हे भान न सोडता, समजून घेणे. मराठीत या विषयाची परिभाषा रुजवण्यात प्रा. कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांसमोर सविस्तर मांडली. इंग्रजी पाठ्यपुस्तकाबरोबर असे मराठी वाचन केल्यास संज्ञा पाठ न करताही अर्थ पक्का होतो.

प्रसंगाधारित प्रश्नांत बहुधा ‘समुपदेशकाने सर्वप्रथम काय करावे’ असे विचारले जाते. चारही पर्याय कधी ना कधी योग्य असतात; क्रम महत्त्वाचा असतो. सल्लार्थीच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका आहे काय, हे आधी पाहायचे. त्यानंतर कायद्याने काही बंधन घातले आहे काय, मग आपल्या प्रशिक्षणाची मर्यादा, आणि शेवटी तंत्र.

येथेच परदेशी प्रश्नसंच दिशाभूल करतात. गोपनीयतेच्या मर्यादा शिकवताना ते कॅलिफोर्नियातील १९७६ च्या टॅरासॉफ निकालाचा आधार घेतात. तो निकाल भारतात कायदा नाही. भारतात लक्षात ठेवायचा तो लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो). त्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजलेल्या कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलीने ‘कुणाला सांगू नका’ असे म्हणून अत्याचाराची हकीकत सांगितली, तर समुपदेशकाला तसे वचन देता येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, हकीकत ऐकण्यापूर्वी, गोपनीयतेची ही मर्यादा सोप्या मराठीत सांगणे हाच योग्य क्रम ठरतो. तसेच जुन्या टिपणांत आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा असल्याचे आढळते. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलमासारखी सरसकट तरतूद ठेवलेली नाही.

== कोकणातील संदर्भ : बुरोंडी ==

नियमांचा प्रत्यक्ष अर्थ लहान गावात अधिक स्पष्ट दिसतो. बुरोंडी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील, लाडघर आणि कोळथरे यांच्या दरम्यानचे किनाऱ्यावरील गाव असून मासेमारी हा तेथील एक प्रमुख व्यवसाय आहे. जिल्ह्यातील प्रादेशिक मनोरुग्णालय (स्थापना १८८६) हे राज्यातील अशा चार रुग्णालयांपैकी एक. इतर तीन ठाणे, पुणे आणि नागपूर येथे आहेत. परंतु ते रत्नागिरी शहरात आहे आणि बुरोंडीहून खेड-चिपळूणमार्गे तेथे जाण्यास शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. मासेमारीच्या हंगामात असा प्रवास म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे.

अशा गावातून समुपदेशक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी घेता येते. समुपदेशन मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, टाटा समाजविज्ञान संस्था किंवा पुण्यातील संस्था यांकडे वळावे लागते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ मार्ग २०२५ पर्यंत कमी खर्चाचा पर्याय होता. मात्र पुढे पुनर्वास परिषदेच्या अभ्यासक्रमास जाण्याचा विचार असल्यास दूरस्थ पदवी चालेल काय, हे त्या संस्थेकडे आधीच लेखी विचारून घेणे श्रेयस्कर. पर्यवेक्षित तास मिळवणे ही सर्वांत कठीण पायरी असते, कारण अनुभवी पर्यवेक्षकही शहरांतच एकवटले आहेत.

नीतिसंहितांमधील ‘दुहेरी नाते टाळावे’ हा नियम मोठ्या शहराला गृहीत धरून लिहिलेला आहे. बुरोंडीएवढ्या गावात सल्लार्थी ही समुपदेशकाच्या आत्याची जाऊ, शाळेतली वर्गमैत्रीण किंवा घरी मासळी आणून देणारी बाई असण्याचीच शक्यता अधिक. दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे, हे पुस्तकी उत्तर जवळ दुसरा समुपदेशक असेल तरच उपयोगाचे. अमेरिकन समुपदेशन संघटनेची २०१४ ची संहिताही जुन्या ओळखीच्या व्यक्तीला सल्लार्थी म्हणून स्वीकारण्यास सरसकट मनाई करत नाही; संमती, पर्यवेक्षकाशी चर्चा आणि नोंद ठेवणे या अटी मात्र ती घालते. भेटीची जागा कोणती, हा प्रश्नही येथे नीतीचाच भाग होतो. ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत कोण शिरले हे संध्याकाळपर्यंत बंदरावर कळते. आरोग्य केंद्रात इतर तपासण्यांसाठीच्या रांगेतूनच समुपदेशकापर्यंत जाता येत असेल, तर येणाऱ्याचा संकोच बराच कमी होतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील घरांचे व बागांचे मोठे नुकसान केले. अशा आपत्तीनंतर लगेच करावयाच्या कामाला मानसिक प्रथमोपचार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार त्याच्या तीन कृती आहेत : पाहणे, ऐकणे आणि मदतीशी जोडून देणे. त्यासाठी परवाना लागत नाही. प्रशिक्षित आशा सेविका किंवा शिक्षकही ते करू शकतात. घडलेला प्रसंग तपशीलवार सांगण्याचा आग्रह धरू नये, हा त्यातील महत्त्वाचा निषेध आहे आणि परीक्षांतही तो वारंवार विचारला जातो.

== सेवा घेणाऱ्यांसाठी पडताळणी ==

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचा नोंदणी क्रमांक पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत तपासता येतो. इतर समुपदेशकांची पदवी कोणत्या विद्यापीठाची, पर्यवेक्षण कोणाकडे आणि किती काळ झाले, हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारण्याचा सल्लार्थीला अधिकार आहे. औषधे लिहून देण्याचा अधिकार समुपदेशकाला नसतो. कोणी तसे करत असल्यास ती व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे याची खात्री करावी. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तिच्यावर मराठीतून बोलता येते.