‘सेड’नंतर ‘इज’ की ‘वॉज’?

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘ती म्हणाली की तिला बरं नाहीये.’ ‘म्हणाली’ भूतकाळात, ‘नाहीये’ वर्तमानात, आणि कुणालाच खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘सेड’ आलं की पुढचं क्रियापदही बहुधा एक पाऊल मागे सरकतं: ‘शी सेड शी वॉज इल.’ ‘विल’चं ‘वुड’ होतं, ‘कॅन’चं ‘कुड’.

शाळेत हा नियम काळ्या दगडावरची रेघ म्हणून शिकवतात. तसा तो नाही! गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ चालतो. ‘ही सेड ही लिव्ज इन नाशिक’ म्हटलं की तो अजून तिथेच राहतो, हे सांगणाराही मान्य करतो. ‘लिव्ड’ म्हटलं तर राहत असेलही, नसेलही. सांगणारा त्यात पडत नाही. मला ही बारीक सोय फार आवडते. आणि सुरुवातीला ‘सेज’ असेल, तर पुढचा काळ हलवायचाच नाही.