तडा, तपासणी आणि दाखला

उज्जैनचे जुने शहर आणि फ्रीगंज यांच्या मधून रेल्वे जाते, आणि दोन्हीकडची माणसे रोज ज्यावरून ये-जा करतात तो फ्रीगंजचा पूल. या भागाचे कागदोपत्री नाव माधवनगर, शिंदे संस्थानाच्या काळातले. बोलण्यात मात्र फ्रीगंजच. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतो आहे आणि गर्दीचा हिशेब धरून जुन्या पुलाशेजारी नवा पूल उभारायचे काम निघाले आहे. साहजिकच जुना पूल अजून किती चालेल, हा विषय इथल्या मराठी घरांतही निघतो. मते ठाम असतात. कोणी म्हणते, गाडी गेली की थरथरतो, म्हणजे संपला. कोणी म्हणते, आता अशी यंत्रे आली आहेत की आतले सगळे दिसते. दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसरे जास्त धोक्याचे आहे.

वस्तू न फोडता तिच्या आतली अवस्था ओळखण्याच्या या कामाला कारखान्यांत आणि बांधकामावर सरसकट ‘एनडीटी’ म्हणतात. त्यातली प्रत्येक पद्धत एका अरुंद प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न बदलला की तेच यंत्र निरुपयोगी ठरते. खालचे बहुतेक गैरसमज हे न कळल्यामुळेच झालेले आहेत.

गैरसमज : पुलावर आडवी फट दिसते, पूल हलतो, म्हणजे तो खचला

पुलाच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने दिसणारी आडवी फट मुद्दाम ठेवलेली असते. काँक्रीट तापले की लांबते. तीस मीटरचा गाळा आणि उन्हाळा-हिवाळ्यातला चाळीस अंशांचा फरक धरला तर ही वाढ सुमारे १२ मिलिमीटर होते. तेवढी जागा दिली नाही तर तुळया टोकाच्या आधारांना ढकलू लागतात. चिंता करायची ती फट असल्याची नव्हे, ती माती-डांबराने बुजल्याची किंवा तिच्यातून पाणी खाली बेअरिंगवर गळत असल्याची.

थरथरण्याचेही तसेच. भार आला की पूल वाकतो आणि भार गेला की परत येतो, हे त्याचे काम आहे. अभियंते पाहतात त्या दोन गोष्टी : किती वाकला आणि किती परत आला. साध्या काँक्रीट इमारतींसाठी भारतीय मानक ४५६ मध्ये भारचाचणीचा नियमच आहे. चोवीस तास भार ठेवायचा, काढायचा, आणि पुढच्या चोवीस तासांत वाक ७५ टक्के तरी भरून निघाला नाही तर चाचणी पुन्हा करायची.

गैरसमज : तापल्यावर लोखंड जास्त फुगते, म्हणून आरसीसी फुटते

हे मी सुशिक्षितांकडूनही ऐकतो. एका अंशाला पोलाद लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते, काँक्रीट सुमारे १०. दोन्ही जवळजवळ बरोबरीने वाढतात, आणि मुळात त्यामुळेच आरसीसी शक्य झाले. स्लॅबचे पोपडे पडतात ते गंजाने. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि आतून ढकलत सळईवरचे काँक्रीट फोडतो.

गंज लागतो कधी? ताजे काँक्रीट कमालीचे अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ च्या वर. त्या वातावरणात सळईवर संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो, सामू ९ च्या खाली येतो आणि संरक्षण संपते. हे पाहण्याची परीक्षा फारच स्वस्त आहे. नव्याने फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव फवारायचा. गुलाबी झाले तर काँक्रीट शाबूत. रंगच आला नाही तर तिथवर संरक्षण गेले. मोठाल्या यंत्रांची भाडी देण्याआधी ही शीशी आणायला काय हरकत आहे?

गैरसमज : भिंतीला तडा गेला म्हणजे घर चालले

माळव्यात हा प्रश्न जमिनीपासून सुरू होतो. इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला तर घर तिच्याबरोबर वरखाली होते. मे महिन्यात उघडलेली खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग श्रावणात मिटलेली दिसते, आणि घरमालक गिलावा करून मोकळा होतो. पुढच्या मेमध्ये भेग परत हजर.

म्हणून भेगेची रुंदी एकदा मोजून फारसे कळत नाही. ती वाढते, थांबते की ऋतूबरोबर श्वास घेते, हे कळले पाहिजे. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून तारीख लिहून ठेवणे हा जुना उपाय आजही चालतो. पट्टी तुटली तर हालचाल चालू आहे.

तुळईवरच्या भेगेची दिशाही बोलते. मधोमध खालून वर जाणारी उभी, केसासारखी भेग वाकण्यातून येते आणि ठरावीक रुंदीपर्यंत ती गृहीतच धरलेली असते. आधाराजवळची ४५ अंशांची तिरकी भेग मात्र कर्तनाची. तिच्या बाबतीत थांबून पाहायला वेळ मिळेलच असे नाही. आणि सळईच्या रेषेत जाणारी, तांबूस डाग असलेली भेग गंजाची. उलट बाजूही लक्षात ठेवावी : नुसत्या गिलाव्यावरची जाळीदार चीर बहुधा तो घाईने सुकल्याची खूण असते. तिच्यासाठी कोणी ‘संपूर्ण ऑडिट’ विकत असेल तर त्याला नमस्कार करावा.

गैरसमज : थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार पाहतो

तो फक्त पृष्ठभागाचे तापमान पाहतो. आत काय आहे याचा अंदाज बाहेरच्या कातडीवर उमटलेल्या फरकावरून बांधायचा असतो. ओल असेल तिथे बाष्पीभवनाने भिंत थंड दिसते. सुटलेल्या थरामागे हवा असल्यामुळे उन्हात तो भाग शेजारपेक्षा लवकर तापतो आणि सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. म्हणजे फरक दिसायला उष्णता वाहती हवी. ढगाळ दिवशी किंवा भिंतीचे आतबाहेर तापमान सारखे झाल्यावर तीच भिंत त्याच कॅमेऱ्यात निर्दोष दिसेल. उज्जैनच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा सकाळी ऊन चढतानाचे दोन-तीन तास आणि संध्याकाळची निवतानाची वेळ उपयोगाची.

आणखी दोन फसगती. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि आरशासारखा समोरची दाखवतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत दिसणारा ‘गरम डाग’ कधी कधी तपासणाऱ्याच्याच चेहऱ्याचा असतो. आणि खिडकीची काच या किरणांना अपारदर्शक आहे. काचेतून घेतलेला थर्मल फोटो हा काचेचा फोटो.

गैरसमज : हातोडीने ठोकून पाहणे हे अडाणी काम, खरी तपासणी यंत्राची

मडके घेताना आपण टिचकी मारतोच. तडा असेल तर आवाज बद्द येतो. पुलाच्या तळाला हातोडीने ठोकत जाणारा माणूस तेच करतो, आणि सुटलेले कवच शोधण्याची ही जगभर मान्य पद्धत आहे. तिची मर्यादा इतकीच की वरचे काही सेंटिमीटर सोडून खोलचे तिला ऐकू येत नाही.

गंमत म्हणजे ज्या ‘यंत्राच्या हातोडी’वर लोकांचा भरवसा असतो, ती रिबाउंड हॅमर खोलात तर जातच नाही. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी १९५० च्या सुमारास बनवलेले हे उपकरण पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते. कार्बन मुरलेल्या जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग अधिक कठीण होतो, म्हणजे जे काँक्रीट सळईचे रक्षण करायचे थांबले आहे तेच हातोडीवर जास्त गुण मिळवते. भारतीय मानकानेही या आकड्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडेतिकडे धरलेले आहेत.

ध्वनिवेगाची चाचणी अधिक खोल जाते. काँक्रीटच्या एका बाजूने श्राव्यातीत स्पंद सोडायचा, दुसऱ्या बाजूला पोचायला किती वेळ लागला ते पाहायचे. सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगले, ३ च्या खाली संशयास्पद, अशी १९९२ च्या भारतीय मानकातली उतरंड होती. पण स्पंद पाण्यातून जातो. भेग पाण्याने भरलेली असेल तर तो तिला वळसा न घालता आरपार निघून जातो आणि आकडा छान येतो. भर पावसाळ्यात घेतलेले हे मोजमाप वाचताना एवढे आठवले तरी पुष्कळ.

फ्रीगंजच्या पुलावरून खाली पाहिले की रूळ दिसतात. आतल्या तड्यांच्या तपासणीची सगळ्यांत नियमित शाळा तीच. १९११ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टरजवळ रूळ तुटून गाडी कोसळली, २९ माणसे गेली. तो रूळ वरून धडधाकट होता, तडा डोक्याच्या आत वाढलेला होता. त्या धक्क्यानंतर रूळ आतून तपासण्याचा ध्यास सुरू झाला आणि १९२८ मध्ये एल्मर स्पेरी यांची तपासणी-गाडी रुळांवर आली. आपल्याकडे ट्रॉलीवर प्रोब बसवून, खाली पाणी सोडत, श्राव्यातीत लहरींनी रूळ तपासतात. काही प्रोब सरळ खाली पाहतात, काही ७० अंशांत तिरके. कारण लहर तड्याच्या पातळीवर आपटून परत आली तरच तो दिसतो. रुळाच्या डोक्यावरून पाठवलेली लहर मधल्या पोटातून खाली उतरते, पण तळपायाच्या दोन्ही कडांपर्यंत पोचत नाही. तिथला तडा वेगळ्या प्रकारे शोधावा लागतो.

आता रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात, मग ते फुगत नाहीत का? मोकळा एक किलोमीटर रूळ चाळीस अंशांनी तापला तर जवळजवळ ४६ सेंटिमीटर वाढेल. तो स्लीपर आणि खडीने आवळून धरलेला असतो, म्हणून वाढीऐवजी आत ताण साठतो. उन्हाळ्यात दाबाचा, हिवाळ्यात ओढीचा. लपलेला तडा असलेला रूळ थंडीच्या पहाटे तुटतो तो या ओढीने, आणि म्हणूनच त्या दिवसांत ट्रॅकमन रात्री रूळ चालून पाहतात. यंत्र आले तरी ही गस्त बंद झालेली नाही.

गैरसमज : एक्स-रे सर्वांत खात्रीचा

वेल्डिंगमधली पोकळी, अडकलेली मळी यांसाठी उत्तम. पण एक्स-रेला जाडीतला फरक दिसतो. किरणांच्या वाटेत आडवा पसरलेला, कागदासारखा पातळ तडा फिल्मवर उमटतच नाही. रंगद्रव झिरपवून तडा उघड करणारी पद्धत पृष्ठभागावर तोंड उघडलेलाच तडा दाखवते, आणि चुंबकीय भुकटी फक्त चुंबकाला चिकटणाऱ्या धातूंवर चालते.

प्लास्टिक-काचतंतूच्या वस्तूंवर ही भुकटी कामाची नाही. उज्जैनमध्ये अशा वस्तूंचा विषय २८ मे २०२३ ला निघाला. महाकालेश्वर मंदिराच्या ‘महाकाल लोक’ या परिसराचे उद्घाटन ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले होते. २८ मेच्या वादळात तिथल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. फायबरच्या, आतून पोकळ. अशा साहित्यात थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग मात्र नवाकोरा राहतो. तेव्हा उभारणी करतानाच आतल्या सांगाड्याची आणि पायाशी असलेल्या बांधणीची तपासणी व्हायला हवी. पुढे कॅमेरे लावून ती उणीव भरून निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाकालेश्वराच्या दगडी मंदिराचा प्रश्न वेगळा. आजची वास्तू अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभी केली. इथे छिद्र पाडून नमुना काढणे सोपे नाही. लिंगाच्या झिजेवर सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणात १ सप्टेंबर २०२० च्या निकालाने लिंग घासण्यावर बंदी घातली, भस्माचा सामू सुधारायला सांगितले आणि मंदिराच्या रचनेची मजबुती पाहण्याचे काम रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेकडे दिले. झीज हेही लपलेले नुकसानच. फक्त त्याला तडा जात नाही.

गैरसमज : ऑडिट झाले, दाखला मिळाला, आता काळजी नाही

महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या बसगाड्यांसह. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती. मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला पडला, तोही आधीच्या ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सांगून वापरायोग्य ठरवलेला. डोळ्यांनी केलेली पाहणी पाण्याखालच्या पायाविषयी आणि थरांखालच्या गंजाविषयी काही सांगत नाही. तरी दाखल्यावर मात्र ‘पूल’ असा सरसकट शब्द असतो.

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींना पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्यांना तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितले आहे. उज्जैनच्या रहिवाशांनीही हे अंतर स्वतःहून पाळायला हरकत नाही. अहवाल हाती आला की शेवटच्या पानावरचा ‘सुरक्षित’ हा शब्द आधी वाचू नका. कोणती चाचणी केली, कुठल्या जागी, किती ठिकाणी, कोणत्या ऋतूत, आणि कोणता भाग तपासलाच नाही, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागा.