विज्ञानाच्या गाण्याला निरूपण हवे

२८ फेब्रुवारी जवळ आला की शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिनाची तयारी सुरू होते. फळ्यावर रंगीत खडूने अणू काढला जातो, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या फोटोला हार घातला जातो आणि लहान वर्गांतली मुले एखाद्या लोकप्रिय चालीवर बसवलेले विज्ञानगीत म्हणतात. पालक टाळ्या वाजवतात. विज्ञान असे गाण्यातून सांगावे, ही कल्पना कोणालाही पटण्यासारखीच आहे. पाढे आपण सुरात पाठ केले. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान् पिढ्या वहीवाचून टिकल्या. वाचता न येणाऱ्यालाही गाणे येते आणि एकदा आलेले गाणे सहसा विसरत नाही.

पण या न विसरण्यातच एक मेख आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी नऊ ग्रहांचे गाणे म्हटलेले मी ऐकले आहे. चालीत नऊ जागा होत्या. आठ ग्रहांवर कडवे संपवले तर ताल अडखळला असता. त्यामुळे प्लूटो आपल्या जागी सुखरूप होता. गाणे खरे जितक्या निष्ठेने जपते, तितक्याच निष्ठेने चूकही जपते. पटवून देण्याची ताकद सुरात असते. खरे-खोटे पारखण्याची नसते. ग्रहणात गर्भवतीने भाजी चिरू नये हेही उत्तम चालीत गाता येईल आणि ऐकणारे मान डोलावतील.

मग विज्ञानाने गाण्याचा नाद सोडावा का? मुळीच नाही. या अडचणीवरचा उपाय आपल्या कीर्तनपरंपरेतच आहे. कीर्तनात अभंग ठरलेला असतो, त्याचा शब्द बदलत नाही. पण त्यामागून येणारे निरूपण मोकळे असते. बुवा समोरचा समाज पाहून दाखले देतात, आक्षेप घेतात, ते खोडतात. विज्ञानगीताने अभंग उचलला, निरूपण मात्र मागे ठेवले.

प्रश्न विचारणारे कीर्तन

गाडगेमहाराजांचे (१८७६–१९५६) उदाहरण घ्या. शेणगावात जन्मलेला हा माणूस शाळेत शिकला नव्हता आणि त्यांना वैज्ञानिक म्हणणे म्हणजे उगाच शब्द ताणणे होईल. पण विचाराची पद्धत त्यांनी कीर्तनातून जेवढी पोचवली तेवढी थोड्यांनीच पोचवली असेल. दिवसा हाती झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा शिरस्ता. देवापुढे बोकड कापणे, कर्ज काढून लग्ने लावणे, दारू पिणे, पोरांना शाळेत न घालणे हे त्यांचे विषय. सांगण्याची रीत प्रश्नोत्तरांची होती. बाबा विचारीत, समाज उत्तर देई, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न येई. नामाच्या गजराने हजारो माणसे एका लयीत आली की त्या लयीत बाबा त्यांना विचार करायला लावीत. शेवटचा निष्कर्ष बहुधा श्रोत्यांच्याच तोंडून निघे. अशी उमगलेली गोष्ट माणूस घरी घेऊन जातो.

केरळचा कलाजथा

हीच वाट पुढे केरळने संघटितपणे चोखाळली. १९६२ मध्ये कोळिकोड येथे स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे काम सुरुवातीला मल्याळम भाषेत विज्ञानलेखन करण्यापुरते होते. पुढे या मंडळींच्या ध्यानात आले की वाचणाऱ्यांपुरते लिहून भागणार नाही. १९८० पासून परिषदेचे कलाजथे गावोगाव फिरू लागले. शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशी हौशी माणसे एका गाडीतून निघत आणि चौकात, शाळेच्या पटांगणात, बाजारात गाणी आणि छोटी नाटके सादर करीत. आरोग्य, जंगल, शिक्षण हे त्यांचे विषय. कार्यक्रम संपला की परिषदेची पुस्तके विकली जात. विक्रीतून खर्चाला हातभार लागे, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाणे ऐकून ज्याच्या मनात प्रश्न उठला त्याच्या हाती लगेच पुस्तक पडे.

याच धर्तीवर १९८७ मध्ये भारत जनविज्ञान जथा निघाला. २ ऑक्टोबरला देशाच्या वेगवेगळ्या भागांतून पाच जथे निघाले आणि ७ नोव्हेंबरला, म्हणजे रामन यांच्या जन्मदिनी, भोपाळमध्ये एकत्र आले. भोपाळ निवडण्यामागे अर्थ होता. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथल्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना आत काय साठवले आहे याची कल्पना नव्हती. ओले फडके तोंडावर धरा, एवढी साधी सूचनाही त्यांना कोणी देऊन ठेवली नव्हती. विज्ञान लोकांपर्यंत न पोचण्याची किंमत काय असते, हे सांगायला त्या गावाइतकी योग्य जागा दुसरी नव्हती.

कणीक, शाई आणि खर्ज

संगीताच्या मदतीने विज्ञान सांगण्याची आणखी एक रीत आहे. तीत गाण्याला निरोप्या व्हावे लागत नाही. वाद्यच प्रयोगशाळा होते. आपल्या सीमाभागात भजनी मंडळ नाही असे गाव विरळा. भजनाला बसण्याआधी पखवाजवाला डाव्या अंगाला ओली कणीक लावतो हे सर्वांनी पाहिलेले असते. ती का लावतात, हे त्याला सर्वांसमोर विचारावे. आधी कणकेशिवाय थाप मारावी, मग कणीक लावून मारावी. पुडीवरचे वजन वाढले की तिची कंपने मंदावतात आणि आवाज खाली उतरतो. कंपनसंख्या आणि वस्तुमान यांचा संबंध एवढ्यात कळतो आणि त्याला सूत्र लागत नाही.

तबल्याच्या शाईचे कोडे याहून गहन आहे. साध्या ताणलेल्या गोल कातड्यावर थाप मारली तर मूळ कंपनाबरोबर त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी कंपने उठतात. म्हणून साधा ढोल नुसता दणाणतो, सुरात बोलत नाही. लोखंडाचा कीस, काजळी आणि खळ यांचे थरावर थर देऊन, घोटून शाई बसवली की हीच कंपने दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि तबला सुरात बोलू लागतो. हे रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. ज्यांच्या शोधाचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो, त्या रामन यांनी प्रकाशाकडे वळण्याआधी मृदंग, तंबोरा आणि वीणा यांचा असा बारकाईने अभ्यास केला होता, हे विज्ञान दिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

तंबोऱ्यासाठी तर आपल्याला लांब जायला नको. शेजारच्या मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कोणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. यात चमत्कार नाही, हिशेब आहे. खर्ज सेकंदाला १०० कंपनांचा धरला तर त्याच तारेत २००, ३००, ४००, ५०० कंपनेही चाललेली असतात. ४०० म्हणजे दोन सप्तके वरचा षड्ज आणि ५०० म्हणजे त्याची सव्वापट. तोच शुद्ध गंधार. घोडीचा सपाट माथा आणि तारेखाली सरकवलेला बारीक धागा या वरच्या कंपनांना उठाव देतात. धागा काढून पाहा, झळाळी जाते. सरकवून बसवा, परत येते. ऐकणाऱ्याला कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. त्याचा कानच साक्षीदार असतो.

आकाशाचा सूर

अलीकडे आकाशातल्या घटनाही ‘ऐकवल्या’ जातात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या या लहरींची कंपनसंख्या सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ३५ पासून २५० पर्यंत चढली. योगायोगाने हा पल्ला माणसाच्या कानाच्या आवाक्यातला आहे. म्हणून ती नोंद ध्वनिवर्धकातून वाजवता आली आणि खर्जातून झर्रकन ओढलेल्या मिंडेसारखा आवाज जगाने ऐकला. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

इथेही निरूपण नसेल तर घोटाळा होतो. गुरुत्वीय लहर म्हणजे ध्वनी नव्हे. ती ध्वनीत उतरवली गेली. २०२२ मध्ये नासाने ययाती तारकासमूहातील एका कृष्णविवराचा ‘आवाज’ प्रसृत केला, तो मोबाइलवर पुष्कळांनी ऐकला असेल. तिथल्या वायूत लाटा खरोखर आहेत. पण त्यांचे एक कंपन पुरे व्हायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. आपल्याला ऐकू यावे म्हणून तो सूर ५७ आणि ५८ सप्तके वर चढवला आहे. एक सप्तक चढले की कंपने दुप्पट, हे कोणत्याही पेटीवाल्याला माहीत असते. मग सत्तावन्न वेळा दुप्पट म्हणजे किती, हा प्रश्न मुलांना घालून पाहा. एवढे सांगितले तर तो आवाज विज्ञान आहे. न सांगितले तर भुताटकी.

आपल्या गावी काय करता येईल?

पावसाळा तोंडावर आला की शेतात सापाची भीती वाढते. ‘साप चावला तर दवाखान्यात जा’ हे कडवे कोणताही भजनी गायक चालीत बसवील. पण कडव्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पाव तास बोलायला बसवावे. लोक विचारतील, दोरी आवळून बांधायची ना? नाही, आवळपट्टी बांधायची नाही, जखम कापायची नाही, विष चोखायचे नाही. चावलेला अवयव हलू न देता माणसाला लगेच न्यायचे. कोणत्या सापावर लस चालते? आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. मांत्रिकाने अमक्याला वाचवले ते कसे? कदाचित साप बिनविषारी होता, कदाचित त्याने विष सोडलेच नव्हते. आणि शेवटचा, सर्वांत कळीचा प्रश्न: आपल्या जवळच्या केंद्रात ती लस आज शिल्लक आहे का? याचे उत्तर कोणत्याही गाण्यात नसते. ते डॉक्टरांनी द्यायचे असते, आणि नसेल तर ती ठेवून घेण्यासाठी गावाने मागे लागायचे असते.

म्हणून विज्ञान दिनाला गाणे जरूर बसवावे, पेटी-तबला आणावा, मुलांना मोकळ्या गळ्याने गाऊ द्यावे. कार्यक्रमपत्रिकेत मात्र गाण्याच्या खाली आणखी एक ओळ छापावी: ‘श्रोत्यांचे प्रश्न – पंधरा मिनिटे’. आणि ही पंधरा मिनिटे पाहुण्यांच्या सत्काराला देऊ नयेत.