नाशिकच्या आकाशातले बंद घड्याळ

नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना प्रशालेत नेमबाजीचे जे गणित शिकवतात, त्याची पहिली अट म्हणजे आपली तोफ नेमकी कुठे उभी आहे हे ठाऊक असणे. हे उत्तर उपग्रहाकडून घ्यायचे, तर उपग्रह कुणाचा हा प्रश्न आलाच. अमेरिकेने १३ एप्रिल १९६० रोजी सोडलेला ट्रान्झिट-१बी हा पहिला यशस्वी दिशादर्शक उपग्रह मुळात नौदलाच्या पोलारिस पाणबुड्यांसाठी होता. भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला.

त्याची कक्षा मला या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. ट्रान्झिटचे उपग्रह जेमतेम हजार-अकराशे किलोमीटरवरून ध्रुवांवरून फिरत आणि जहाजाला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागे. १ए मात्र ३६ हजार किलोमीटरवर, विषुववृत्ताशी तिरक्या कक्षेत, ५५ अंश पूर्व रेखांशाभोवती दिवसातून एकदा इंग्रजी आठचा आकडा काढतो. नाशिकहून पाहिले तर तो पश्चिमेकडे वर-खाली होतो, पण क्षितिजापासून सुमारे तीस अंशांच्या खाली कधी येत नाही. जगभर पसरलेले दोन डझन उपग्रह न पाठवता, सातच उपग्रहांत भारत आणि सीमेपलीकडचे दीड हजार किलोमीटर सांभाळण्याची ही युक्ती आहे.

जीपीएस फुकट मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. पण मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संकेत मुद्दाम बिघडवून देत होती. जो बिघडवू शकतो, तो युद्धात रोखूही शकतो. म्हणूनच आपल्या प्रणालीत सैन्यासाठी वेगळा, सांकेतिक संदेश आहे.

खरी अडचण कक्षेत नाही, घड्याळात आहे. अंतर मोजायचे ते संकेताला लागलेल्या वेळावरून. त्यात सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक म्हणजे तीनशे मीटरची चूक, आणि तोफेसाठी तेवढी पुष्कळ. १ए वर स्वित्झर्लंडहून आणलेली तीन रुबिडियम घड्याळे होती. तिन्ही बंद पडली. उपग्रह आपला आठ काढतोच आहे, पण स्थान सांगू शकत नाही. बदली म्हणून पाठवलेला १एच ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवचातच अडकला. पुढे मे २०२३ मध्ये याच प्रणालीचा एनव्हीएस-०१ स्वदेशी घड्याळ घेऊन गेला, ही खरी कमाई. पण जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ झडप न उघडल्याने नियोजित कक्षेत पोहोचलाच नाही. परक्या कुलपाची भीती म्हणून उभारलेली प्रणाली परक्या घड्याळावर चालवणे ही मूळ चूक होती, आणि ती सुधारायला दहा वर्षे लागली. २०२५ च्या मध्यापर्यंत सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी त्या वेळी स्थान सांगणारे चारच उरले होते. स्थान ठरवायला किमान चारच लागतात.