सुरतेचं दुसरं वर्ष, जळगावचं तिसरं

सुरतेचं एम.टी.बी. आर्ट्‌स कॉलेज 1918 सालचं, सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीनं काढलेलं. अमळनेरचं प्रताप कॉलेज 1945 सालचं, खानदेश एज्युकेशन सोसायटीचं. दोन्ही गावं तापी खोऱ्यातल्या रेल्वेलाइनवरची, एकाची भाषा गुजराती, दुसऱ्याची मराठी आणि अहिराणी. पण 1949 पर्यंत दोन्हीकडची मुलं मुंबई विद्यापीठाचीच परीक्षा देत. इंटर सुरतेत आणि बी.ए. पुण्यात, असं कुणी केलं तर पहिल्या दोन वर्षांचं काय, हा प्रश्नच उठत नसे. प्रश्नपत्रिका एक, निकाल एक.

यात मुंबई विद्यापीठाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. 1857 साली ते स्थापन झालं तेव्हा त्याचं मुख्य काम परीक्षा घेण्याचं होतं. वर्गात कोण काय शिकवतं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं, आणि साचा इतका घट्ट की हुशार मुलाचा जीव त्यात गुदमरावा. पण साचा सगळीकडे तोच असल्यानं मुलगा कुठंही गेला तरी त्यात बसत असे.

1949 साली हे चित्र बदललं. सुरतेची कॉलेजं अहमदाबादच्या नव्या गुजरात विद्यापीठाकडे गेली, खानदेशची नव्या पुणे विद्यापीठाकडे. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे व्हायला अजून अकरा वर्षं होती. विद्यार्थ्यांची हद्द मात्र राज्याच्या आधीच आखली गेली. पुढं 1965 च्या कायद्यानं सुरतेला दक्षिण गुजरात विद्यापीठ मिळालं आणि 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. विद्यापीठ घराजवळ आलं, हे चांगलंच झालं. निकालाच्या चुकीसाठी अहमदाबादची किंवा पुण्याची गाडी पकडणाऱ्यांना विचारावं.

गंमत अशी की या प्रत्येक फेरबदलात कॉलेजं इमारतीसकट, प्राध्यापकांसकट एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेली आणि त्यात कुणाला अशक्य असं काही वाटलं नाही. सुरतेचं सार्वजनिक कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग 1995 ला निघालं ते दक्षिण गुजरात विद्यापीठाखाली, मग गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीकडे गेलं, आणि आता ते सार्वजनिक युनिव्हर्सिटीचा भाग आहे. संस्थेला तीन विद्यापीठं ओलांडता येतात. एकट्या मुलाला एक ओलांडायचं म्हटलं की टीसी, मायग्रेशन, गुणपत्रकं, सही-शिक्क्याची अभ्यासक्रमाची प्रत, मग पात्रतेची फी आणि समकक्षतेचा निर्णय. तो निर्णय येईपर्यंत प्रवेशाची तारीख उलटलेली.

सुरतेत हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं दोन-तीन पिढ्यांपासून आहेत. पुरुष यंत्रमागावर किंवा मार्केटात, बायका घरी बसून साड्यांना टिकल्या नि लेस लावणाऱ्या. मुलांची शिक्षणं या लाइनवर मागंपुढं होतात. बापाचं काम सुटलं की कुटुंब गावी जातं, गावी पाऊस दगा देतो की पुन्हा सुरत. मुलींचं तर ठरलेलंच. एस.वाय. झालं की सोयरीक, आणि सासर शिंदखेड्याचं किंवा पाचोऱ्याचं. तिथल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला बसू द्या म्हटलं की उत्तर येई, पहिल्यापासून करा. पहिल्यापासून कोण करतं? थोड्याजणी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे वळल्या. ते 1989 पासून आहे. बाकीच्यांची दोन वर्षांची गुणपत्रकं लग्नाच्या अल्बमशेजारी कपाटात गेली.

2011 च्या सुमारास गुजरातच्या विद्यापीठांत सेमिस्टर आलं आणि त्याबरोबर क्रेडिट हा हिशेब. आठवड्याला एक तास, असं सत्रभर शिकलं की एक क्रेडिट. शिक्षण मोजता येऊ लागलं, पण मोजलेलं दुसरीकडे चालेल याची हमी कुणी दिली नव्हती. ती भाषा आली 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, आणि जुलै 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सची नियमावली काढली. डिजिलॉकरमधून खातं उघडायचं, क्रेडिट जमा करायचं काम विद्यार्थ्याचं नव्हे, संस्थेचं. जमा झालेलं साधारण सात वर्षं टिकतं. मध्येच शिक्षण सोडा, परत या, मिळालेलं बुडणार नाही, असा वायदा.

सुरतेच्या विद्यापीठाला हे शोभतंच म्हणायचं. 2004 पासून ते वीर नर्मदांच्या नावानं ओळखलं जातं, आणि कवी नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून शिक्षण अर्धवट टाकून आले, सुरतेजवळ रांदेरला मास्तर झाले, पुन्हा मुंबईला कॉलेजात गेले आणि पुन्हा बाहेर पडले. त्यांचं खातं कुठल्याच बँकेत नव्हतं.

बँक म्हटलं तरी ही बँक तारण ठरवत नाही. सुरतेची क्रेडिटं जळगावला दिसतील, पण कुठला विषय कशाच्या जागी धरायचा ते जळगाव ठरवणार. सुरतेत शिकलेली गुजराती तिथं कशात मोजायची? आणि 2021 च्या नियमावलीत एक अट आहे: पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान निम्मी क्रेडिटं मिळवलेली हवीत. महाराष्ट्राच्या 2023 च्या शासननिर्णयात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिटं सांगितली आहेत. 132 धरू. वर्षाला 44, म्हणजे एस.वाय. पास झालेली मुलगी 88 घेऊन सासरी जाते. जळगावची पदवी हवी तर त्यातली 66 च चालतील. उरलेली 22 म्हणजे एक आख्खं सेमिस्टर. पूर्वी दोन वर्षं जायची, आता सहा महिने जातील. सुधारणा आहेच. पण ज्यांचं अर्धं शिक्षण लाइनच्या या टोकाला आणि अर्धं त्या टोकाला होतं, त्यांचा विचार करून कुणी ही अट घातली असेल असं वाटत नाही.

अट दिल्लीतून बदलेल तेव्हा बदलेल. विषयांची जोडणी मात्र सुरत आणि जळगाव आजही आपसांत ठरवू शकतात. बी.ए., बी.कॉम.चे नेहमीचे विषय घेऊन दोन्हीकडच्या अभ्यास मंडळांनी एक यादी करायची, आणि ती दोन्ही विद्यापीठांच्या पात्रता विभागात टेबलावर ठेवायची, म्हणजे प्रत्येक मुलीची फाइल नव्यानं फिरणार नाही. बैठकीला जागा लागलीच तर नवापूरचं स्टेशन आहे. ते निम्मं गुजरातेत आहे, निम्मं महाराष्ट्रात, त्यामुळं प्रवासभत्त्याचा वादही फार होऊ नये.