भूकंपानंतरच्या सल्लागार

किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्र सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं घरं सावरायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यासाठी सल्लागार नेमले. त्यातली एक नेमणूक आजही थक्क करते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या घरदुरुस्तीसाठी ‘लोकसहभाग सल्लागार’ म्हणून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था आली आणि तिनं गावातलं काम गावातल्याच बायकांच्या हाती दिलं. ‘संवाद सहायक’ हे त्यांचं पद.

सल्लागाराचा धंदा मोठा नवलाचा आहे. त्याच्या हातात सत्ता नसते, सही नसते. जेम्स मॅकिन्झी या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकानं १९२६ साली शिकागोत कंपनी काढली, तेव्हापासून आजपर्यंत या कामाचा गाभा तोच राहिला आहे. क्लायंटकडे जायचं, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारायचे, अडचण नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि करणाऱ्याच्या गळी उतरेल असं मांडायचं. मोठ्या कंपन्यांतली पोरं सोमवारी पहाटेच्या विमानानं क्लायंटच्या गावी जातात, रात्री उशिरापर्यंत आकडे आणि स्लाइड जुळवतात. लातूरच्या संवाद सहायकांचा क्लायंट होता सरकार, आणि ज्यांनी ऐकायचं ते होते शेजारीपाजारी.

आता अडचण काय होती ते पाहू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली आणि बातम्या बहुतेक त्यांच्याच झाल्या. पण तडे जाऊनही उभ्या राहिलेल्या घरांची संख्या लाखाच्या वर होती. ती जागेवरच सावरायची होती, तीही मालकानं स्वतः. पैसे सरकार हप्त्याहप्त्यानं देणार, काम इंजिनीअर तपासणार, बांधून मालक घेणार.

ती घरं कशी होती? दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत, वर माळवद. बाहेरून पाहिलं तर किल्ला. पण अशा भिंतीत दगडांचे दोन वेगळे थर असतात, एक आतला, एक बाहेरचा, आणि मधल्या पोकळीत चिखल नि दगडांचे तुकडे. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतो. जमीन हलली की थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते, फुटते. माळवद गळू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या माती चढवत गेलेली, तिचं वजन वरून कोसळतं. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी तीच माती आणि तीच जाडी त्या पहाटे जीवघेणी ठरली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न होतो.

उपाय तंत्रज्ञांकडे होते, आणि ते विलक्षण साधे होते. भिंतीतले मोजके दगड हलकेच काढून आरपार भोक पाडायचं, त्यात टोकं वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर जखडले जातात. कोपरे बांधून घ्यायचे. माळवदावरची माती उतरवायची. लाकडी खांब-तुळईला तिरके टेके द्यायचे. झालं.

पण ज्यानं आपली माणसं दगडाखालून काढली, त्याला कुणी सांगावं की दगडाचं घर सुरक्षित होऊ शकतं? इथं अहवाल कामाचा नाही. इथं शेजारीण लागते, जिचं स्वतःचं घरही तसंच तडकलेलं आहे. संवाद सहायक घरोघर गेल्या, हक्काचे पैसे किती, हप्ता कशावर अडतो, इंजिनीअर काय पाहणार, हे सांगत राहिल्या. लोकांचे प्रश्न अधिकाऱ्यांपर्यंत त्यांनीच पोचवले.

सल्ला सगळाच पाळला गेला असं नाही. कितीतरी कुटुंबांनी जुनी भिंत दुरुस्त करण्याऐवजी त्या पैशांत भूकंपरोधक अशी एक नवी खोली बांधली. मला यात सल्लागारांचा पराभव दिसत नाही. भूकंपात घर कशानं टिकतं हे ज्ञान त्या खोलीत उतरलंच होतं, निवड तेवढी घरच्यांची होती.

मोठ्या कंपनीत एका क्लायंटकडे शिकलेलं दुसऱ्याकडे नेलं जातं, तीच या धंद्याची खरी पुंजी. इथंही तेच घडलं. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर हा अनुभव तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचला. भाषा वेगळी, बांधकाम वेगळं, पण घर गमावलेल्या बाईला पहिल्या महिन्यात काय विचारावं हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे संस्थेचं काम घरांवरून शेतीकडे वळलं. आता लातूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत बायका घरच्यांकडून एखादा एकर मागून घेतात, त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला असं खायचं पीक कमी पाण्यात घेतात आणि शेजारच्या गावांतल्या बायकांना ते शिकवायला जातात. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.